मदत हवी आहे: ब्रँडेड डेस्कटॉपच्या छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचंय, २०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) पुरेल का?

नमस्कार मंडळी,

मुलगी वर्षभरापासून ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकतेय. घरात एक तयार ब्रँडेड डेस्कटॉप आहे, ऑफिसांत दिसतो तसला आडवा, बारीक. कोअर आय५ ८५०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, २५६ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० तेवढं आहे. ब्लेंडरमधलं सायकल्स, म्हणजे अंतिम चित्र बनवणारा भाग, त्याला ओळखत नाही, त्यामुळे रेंडरचा (ते चित्र बनवण्याचा) सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तिच्या प्रोजेक्टमधलं १० सेकंदांचं ॲनिमेशन म्हणजे २४० फ्रेम, आणि एका फ्रेमला साधारण ४ मिनिटं लागतात. म्हणजे १६ तास. दृश्यातला एक दिवा चुकीच्या जागी राहिला तर पुन्हा १६ तास. ती खूप चिकाटीने करते, पण तिचा शिकण्याचा वेळ वाट पाहण्यातच जातोय हे मला बघवत नाही.

एकदा फसलोय. विक्रेत्याने 'कुठल्याही पीसीत चालेल' म्हणून जुनं कार्ड दिलं. उघडून पाहिलं तर ते कॅबिनेटच्या उंचीपेक्षा मोठं, वर ६ पिनची पॉवर केबल मागणारं. माझ्या एसएमपीएसला तशी केबलच नाही. त्यावर त्याचा उपाय: साटा केबलला (डिस्कला वीज देणाऱ्या) कन्व्हर्टर लावा आणि झाकण उघडं ठेवा. मला ते पटलं नाही, कार्ड परत केलं.

आता घाई न करता विचारतोय. एसएमपीएसवर २०० वॅट लिहिलंय. कार्ड लावायचा मोठा स्लॉट एक, त्याला लागून एक छोटा, आणि त्यानंतर लगेच एसएमपीएसची पत्र्याची भिंत. मॉनिटर जुना, व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेला. आरएक्स ६४००, जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं अशी कार्डांची तीन नावं वाचनात आली. यांतलं काय घ्यावं? आणि तो कन्व्हर्टर खरंच धोक्याचा असतो का?

प्रतिसाद १

कार्ड परत केलंत हे फार बरं केलंत. साटाच्या पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळं मिळून ५४ वॅट. ६ पिनचं कार्ड त्या केबलीतून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. कनेक्टर तापतो, वितळतो, काही वेळा पेटतोही. शिवाय अशा छोट्या मशीनमध्ये डिस्कची वीज बऱ्याचदा मदरबोर्डवरूनच येते, म्हणजे भार थेट बोर्डावर. त्या वाटेला जाऊच नका.

मोठ्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्यामुळे वेगळी केबल न मागणारंच कार्ड शोधायचं. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, टर्बोमध्ये (वाढीव वेगात) थोडा वेळ त्याच्या वर जातो. कार्ड ७०, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून २०-३०. २०० मध्ये बसतं, पण फार मोकळं नाही. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. खरा आकडा तो.

प्रतिसाद २

वॅटपेक्षा मला तुमच्या त्या पत्र्याच्या भिंतीची जास्त काळजी वाटते. आरटीएक्स ३०५० ६ जीबी हे ७० वॅटचं, कमी उंचीतही मिळतं, पण ती कार्डं बहुतेक दोन स्लॉट जाडीची असतात. तुमच्याकडे दोन स्लॉटनंतर लगेच भिंत, म्हणजे कार्डाचे पंखे तिला चिकटणार. गेममध्ये भार कमीजास्त होत राहतो, रेंडरमध्ये तो तासन् तास एकसारखा असतो. हवा मिळाली नाही तर कार्ड वेग कमी करत जाईल.

आरएक्स ६४०० ५३ वॅटचं आहे, एका स्लॉटमध्येही मिळतं. पण त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ फाइल बनवणारा भाग) नाही, आणि ते चारच लेनवर (डेटा ये-जा करायच्या वाटांवर) चालतं. तुमच्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीचा, त्यामुळे त्या चार लेनचाही वेग निम्मा. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी. ब्लेंडरसाठी मी घेणार नाही. जीटीएक्स १६५० चालतं, पण त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारे) वेगळे कोअर नाहीत. सायकल्समध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायचा पर्याय) निवडलं की याच कोअरांचा मोठा फायदा होतो.

तुमच्या जागेत मला नेमकं बसणारं दिसतं ते आरटीएक्स ए१०००. वर्कस्टेशनचं कार्ड आहे, कमी उंची, एकच स्लॉट, ५० वॅट, ८ जीबी व्हीरॅम. सेकंडहँड मिळालं तरी चालेल, फक्त कॅबिनेटला अडकवायची कमी उंचीची छोटी पट्टी सोबत आहे का ते विचारून घ्या. तिच्याशिवाय ते तुमच्या कॅबिनेटला लागणारच नाही. याला मिनी डिस्प्लेपोर्टची तोंडं असतात, म्हणून मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय असा ॲडॉप्टर लागेल.

आणि त्याआधी रॅम! ८ जीबीची आणखी एक घाला. दृश्य आधी रॅममध्ये भरतं, मगच कार्डाकडे जातं.

धागाकर्ता

मनापासून आभार. लेबलवर १२ व्होल्टला १६.५ अँपिअर आहे, म्हणजे १९८ वॅट. रॅम लगेच घेतो. ए१००० सेकंडहँड मिळतंय, छोट्या पट्टीसह.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

बसलं! आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, मग उरलेली वीज निघून जावी म्हणून वायर काढून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी, पोटात गोळा आला. केबल सवयीने मदरबोर्डच्याच तोंडात लावली होती. कार्डाला जोडल्यावर चित्र आलं.

त्यानंतर फ्रेमला पुन्हा तीच ४ मिनिटं. मुलीनेच शोधून काढलं: प्रेफरन्सेसमधल्या सिस्टीममध्ये ऑप्टिक्स निवडायचं असतं, आणि तेवढ्याने भागत नाही, त्या फाइलच्या रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइसही जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) करावं लागतं. आता तीच फ्रेम ३५ सेकंदांत होते. सगळं ॲनिमेशन २ तास २० मिनिटांत. परवा तिने एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या प्रकाशयोजना करून पाहिल्या.

एक शंका राहिली. लांब रेंडरमध्ये कार्डाचं तापमान ७८ अंशांपर्यंत जातं. चालेल ना?

प्रतिसाद २

एका स्लॉटच्या कार्डाला पूर्ण भारावर ७८ ठीक आहे. शेजारचा छोटा स्लॉट मोकळाच ठेवा, हवा तिथूनच येते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि पुढच्या जाळीतली धूळ महिन्यातून एकदा काढा. ८५ च्या वर जायला लागलं तर पुन्हा इथे लिहा.