मदत हवी आहे: वडिलांच्या पश्चात आईला पीएम किसान कसं सुरू करायचं?
नमस्कार मंडळी. वडील गेल्या दिवाळीत वारले. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आता आईचं नाव आहे, फार्मर आयडीही निघालाय. तरी तिचा अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आली. पण खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाला आलेल्या जमिनीला ही अट नाही ना! मृत्यू दाखला आणि फेरफार दोन्ही जोडले होते, फेरफारात 'वारसाने' असं स्वच्छ लिहिलंय. तलाठी कृषी कार्यालयात पाठवतात, तिथले तहसीलला. गुडघे धरून आई प्रत्येक ठिकाणी ताटकळते. केंद्राचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा, खरिपाचं बियाणं यातूनच यायचं. कुणाचा असा अर्ज नंतर मंजूर झालाय का? नवीन अर्ज केलात की जुनाच दुरुस्त झाला, आणि सही नेमकी कुणाची लागली?