कोणते जोशी तुम्ही? – अनुभव धागा

मागच्या महिन्यात बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेले होते. आतून "जोशी!" अशी हाक आली आणि बाकावरचे आम्ही तिघं एकदम उठलो. हसलो, आपापला लिफाफा घेतला, घरी आलो. उघडून बघते तर साखर तीनशेच्या वर. बाबांना कधीच मधुमेह नव्हता. आई रात्रभर जागी. सकाळी उलगडा झाला की तो रिपोर्ट दुसऱ्याच जोशींचा होता. आद्याक्षरं तीच, वयही जवळपास तेच. आणि ते काका आमचा नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन त्या रात्री निर्धास्तपणे श्रीखंड खाऊन झोपले होते. हे कळल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. आता त्यांना दर आठवड्याला फोन करते. साखर उतरते आहे.

पहिल्याच फोनवर काकांनी विचारलं, "कोणते जोशी तुम्ही?" हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, मूळ गाव कुठलं, गोत्र कोणतं. आमचं काहीच जुळलं नाही. जुळणार कसं? जोशी म्हणजे ज्योतिषी. हे घराण्याचं नव्हे, कामाचं नाव. गावोगाव एक ग्रामजोशी असायचा. पंचांग बघून तिथी सांगायचा, लग्नमुंजीचे मुहूर्त काढून द्यायचा आणि त्याबद्दल त्याला बलुतं मिळायचं. जितकी गावं तितके जोशी, आणि बहुतेकांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तर जोशी असणाऱ्यांनी, जोशी झालेल्यांनी, जोशींच्या शेजारी राहणाऱ्यांनी, सगळ्यांनी लिहा. माणूस, रस्ता, गाव, दुकान, काहीही चालेल.

* * *

आमच्या इमारतीत चार जोशी आहेत. कुरिअरवाल्या मुलाने त्यांची नावं पाडली आहेत: तुळसवाले, कुत्र्यावाले, पहिला मजला आणि तबला. तबला जोशी गेल्या वर्षी गेले. परवा त्यांच्या नावचं पाकीट आलं तेव्हा त्या मुलाने ते देताना चप्पल काढली. बाकी काही सांगायचं नाही.

* * *

मी जोशी नाही, पण माझ्या पत्त्यात जन्मापासून जोशी आहेत: बीडीडी चाळ, ना. म. जोशी मार्ग, मुंबई. बोलताना अजूनही सगळे डिलाईल रोडच म्हणतात. टॅक्सीवाल्याला "जोशी मार्ग" सांगितलं तर तो आधी विचारात पडतो.

वडील गिरणीत साचेवाले होते. शाळेत असताना मी त्यांना विचारलं, हे जोशी कोण? त्यांनी जेवण थांबवलं आणि सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं: "आपल्यासारख्यांची युनियन करता येते हे ज्यांनी दाखवलं ते." पुढे वाचलं तेव्हा कळलं, १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली आणि १९२० साली आयटक ही देशभरातल्या कामगार युनियनांची संघटना उभी करणाऱ्यांत ते होते. आता गिरण्या गेल्या, चाळीही पडून टॉवर होतायत. पत्त्यातलं एवढंच नाव जुनं राहिलं आहे, म्हणून मी हल्ली डिलाईल रोड म्हणायचं मुद्दाम सोडलंय.

* * *

आमचं गाव चाकणजवळ. कांदा. आजोबा शेतकरी संघटनेच्या सुरुवातीच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले. घरात शरद जोशींचा फोटो देवांच्या फोटोंच्या रांगेत होता. आजोबांच्या पंच्याहत्तरीला मी शहरातल्या एका दुकानातून "शरद जोशींचं कुठलंही पुस्तक द्या" म्हणून घाईघाईत पुस्तक घेतलं. आजोबांनी उघडलं, तर हिंदी! ते उज्जैनचे व्यंगकार शरद जोशी निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी मात्र चष्मा लावून ते आख्खं वाचलं, अडलेले शब्द मला विचारत. महिनाभराने म्हणाले, "हाबी सरकारवरच चिडलेला हाय. राहू दे." दोन्ही शरद जोशी आता एकाच फळीवर आहेत.

* * *

नोकरीसाठी जपानला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख करून दिली आणि समोरच्या बाई गोंधळल्या. जपानीत "जोशी" म्हणजे मुलगी, स्त्री. महिलांच्या स्वच्छतागृहाला "जोशी तोइरे" म्हणतात. एका सहकाऱ्याने सुचवलं की "जो" लांबव. लांबवला, तर त्याचा अर्थ निघाला वरिष्ठ, साहेब! नव्याने रुजू झालेला माणूस स्वतःला साहेब कसा म्हणवून घेणार?

सुटका भाषेच्या वर्गात झाली. आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे जपानीत "वा", "नि", "दे" असे छोटे शब्द नामाला चिकटतात. व्याकरणात त्यांनाही "जोशी" म्हणतात. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, हे नसले तर वाक्य उभंच राहत नाही. तेव्हापासून ओळख करून देताना मी हाच अर्थ सांगतो आणि मनापासून सांगतो.

* * *

बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठला मुक्काम होता. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, तर तिथले आजोबा म्हणाले, "आप तो यहीं के हुए!" मी म्हटलं, आम्ही सातारकडचे. ते म्हणाले, जोशी आमच्याकडेही पुष्कळ, अल्मोड्याला जाऊन बघा. गावाचं नाव ज्योतिर्मठावरून आलंय. आडनावाची आणि गावाची मुळं वेगळी, पण दोन्हीकडे "ज्योति"चा "जो" झाला. हिवाळ्यात बद्रीनाथाची दारं मिटली की पूजा खाली इथल्या नृसिंह मंदिरात होते, हेही त्यांनीच दाखवलं.

जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून तिथल्या शेकडो घरांना तडे गेले. टीव्हीवर ते बघताना मी त्या आजोबांची गल्ली शोधत होते. २०२४ मध्ये गावाचं नाव सरकारी कागदावर ज्योतिर्मठ झालं. रजिस्टरवरची माझी सही मात्र जोशीमठातली आहे.

* * *

माझं माहेर जोशी आणि सासरही जोशी. लग्नानंतर बँकेत नाव बदलायला गेले, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "यात बदल काय आहे?" फक्त मधलं नाव! पण त्या एका शब्दासाठी मला चार खेपा माराव्या लागल्या. नातेवाईक गमतीने विचारायचे, घरातल्या घरात लग्न केलंस का? वर सांगितलंच आहे, घराणी वेगळी, गोत्रं वेगळी.

या सगळ्यात मला आनंदीबाईंचा आधार वाटायचा. त्याही कल्याणच्या जोशींची यमुना आणि गोपाळराव जोशींची आनंदी. पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे मी अमेरिकेत आले तेव्हा फिलाडेल्फियात त्या शिकल्या ते गाव बघायचंच, हे ठरवलं होतं. १८८३ मध्ये त्या तिथे गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आधी, पुण्यात गेल्या. त्याच फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी पुढे अनेक दशकं शिकवत होते. संगणकाला माणसाच्या वाक्याची रचना कशी उलगडून दाखवायची, यावरचं त्यांचं काम आजही शिकवलं जातं. एकाच शहरात हे दोघे जोशी.

नंतर रेल्वेने पोकिप्सीला गेले. आनंदीबाईंच्या अस्थी तिथे, त्यांना अमेरिकेत घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. मी मोगऱ्याची फुलं शोधली, मिळाली नाहीत. पांढरी कुठलीशी नेली. त्या इंग्रजीत जोशी लिहिताना शेवटी दोन "ई" लावायच्या आणि शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे तेही तसंच, दोन "ई" लावून. मुलीला गच्चीवर नेऊन शुक्र दाखवला. तिने विचारलं, तिथल्या जोशी आपल्या कोण लागतात? मी म्हटलं, कुणीही नाही, आणि मला रडू आलं.

* * *

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. मीही जोशी आहे. वर दिलेल्या देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे या यादीत आम्ही नाही. आम्ही कुडमुडे जोशी. भटकी जमात. माझा आजा कुडमुडं, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य, वाजवत, पंचांग काखेत मारून गावोगाव भविष्य सांगत फिरायचा. एका गावात फार दिवस राहायचं नाही, पाल पडायचं आणि उठायचं. आमच्याही नावाचं मूळ तेच, ज्योतिषी. फक्त आम्हाला गाव नव्हतं, त्यामुळे बलुतंही नव्हतं. मिळेल ते पसाभर धान्य.

कॉलेजात नाव ऐकून सगळ्यांनी मी ब्राह्मणच असं धरलं. खोली भाड्याने मिळाली, मालकीणबाई सणाला जेवायला बोलवायच्या. मी काही खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. मग शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला टेबलावर राहिला आणि त्यांनी वाचला. जेवणाची बोलावणी थांबली. खोली मी वर्षअखेरीस सोडली. त्या बाईंबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही, इथेही नाव घेत नाही. आईनंतर मला पहिल्यांदा पुरणपोळी आग्रहाने वाढणाऱ्या त्याच होत्या, म्हणून ते जास्त लागलं.

आज मी शाळेत शिकवतो. नवीन गावी बदली झाली की कुणीतरी विचारतंच, "कोणते जोशी सर तुम्ही?" आता मी थांबत नाही. "कुडमुडे," म्हणतो. आजाचं कुडमुडं माझ्या घरात भिंतीवर आहे. कातडं सैल झालं होतं, ते मागच्या दिवाळीत ताणून घेतलं. धाकटी रोज संध्याकाळी ते खाली उतरवायला लावते.