सीएनजी वॅगनआर: व्हॉल्व्हच्या कामाचे १४ हजार, हेड खरंच उतरवायला हवं का?

गुहागरकर
जुनी ११०० सीसी वॅगनआर, सीएनजीवर. सकाळी मिसिंग मारते, कुंभार्ली घाटात उचलत नाही. चार सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) १६५, १६०, ९५, १६० पीएसआय. टॅपेटचा आवाज अजिबात नाही. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) खोलायचं. नुसत्या टॅपेट सेटिंगवर (व्हॉल्व्हवरची फट, म्हणजे गॅप, जुळवून) भागेल का?

फिलरगेज
आवाज नाही हीच तर खूण. सीएनजीवर एक्झॉस्टची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, गॅप संपतो. मग इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही आणि त्याची कडा जळते. खडखडणारा टॅपेट परवडला.

आधी थंड इंजिनावर तिसऱ्या सिलेंडरचा गॅप बघायला सांगा. फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) पातीच जात नसेल तर सेट करून कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. बाकीच्यांच्या जवळ आलं तर हेडला हात लावू नका. नाही आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). पिस्टन वर, सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून कॉम्प्रेसरची हवा दिली की उरलेलंही कळतं: सायलेन्सरातून सूं झालं तर एक्झॉस्ट, रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट.

गुहागरकर
गॅप सेट केला, तरी ९८. ऑइल टाकूनही तेवढंच. हवा सायलेन्सरातून येते.

खाडीपट्टा
म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला, हेड उतरणारच. पण १४ हजारांत काय काय येतं ते लिहून घ्या: मजुरी वेगळी, मशीन शॉपचं सीट कटिंग वेगळं, सामान वेगळं. हेड गॅस्केट आणि सगळे व्हॉल्व्ह सील नवेच. टायमिंग बेल्ट निघतोच आहे, तोही बदला. जळलेला व्हॉल्व्ह नुसता पेस्टने घासून परत बसवू देऊ नका, आणि जुनं सामान मागून घ्या.

हेड जोडण्याआधी तुमच्यासमोर प्लग लावून उलटं ठेवायला लावा, चेंबरमध्ये पेट्रोल भरून पाच मिनिटं थांबा. पोर्ट (व्हॉल्व्हमागची वाट) ओला झाला तर काम परत.

रेडिएटरात आजवर खाडीकडच्या विहिरीचं मचूळ पाणी पडलं असेल तर गॅस्केटखालची पाण्याची भोकं नीट बघा. अॅल्युमिनियम तिथेच खातं. तिथे खड्डे दिसले तर पट्टी आणि फिलर गेजने हेडची सपाटी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

फिलरगेज
बोल्ट टॉर्क रेंचनेच, मधून कडेला, टप्प्याटप्प्याने. हजार किलोमीटरनंतर गॅप परत बघायचा. ते बिलात आत्ताच लिहून घ्या, नाहीतर तेव्हा वेगळे पैसे मागतील.