बेटा माशाची शेपटी कुजतेय की तो स्वतःच ती चावतोय?

हाफमून (अर्धगोल पसरट शेपटीचा) नर, टाकीत दुसरा मासा नाही. २० लिटर पाणी, स्पंज फिल्टर, हीटरवर २७ अंश. पाण्यात अमोनिया, नायट्राइट (माशाच्या विष्ठेतून होणारे विषारी घटक) शून्य. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखात २० भाग) खाली. शेपटीचा अर्धगोल तुकडा एका रात्रीत गेला, म्हणून चावतोय असं वाटलं. पण आता त्याच कडेला काळसर रेघ आलीय, आणि धास्ती तिचीच आहे. खातो व्यवस्थित, अंगावर पांढरं काही नाही.

प्लॅस्टिकची झाडं काढली, फिल्टरचा जोर कमी केला, बदामाचं सुकं पान टाकलं, रोज पाव पाणी बदलतोय. गोगलगायी असल्याने मीठ टाकलेलं नाही. वेगळ्या डब्यात ठेवता येईल, पण तिथे हीटर नाही.

अँटिबायोटिक उगाच द्यायचं नाही. काळी कड म्हणजे कुजणंच, की जखम भरतानाही तशी दिसते? औषध नेमकं कोणतं लक्षण दिसल्यावर सुरू करू?