मदत हवी आहे: स्पीकरमधल्या घुमघुमीवर पॉवर कंडिशनर घ्यावा, की तेच पैसे अर्थिंगवर घालावेत? (नागपूर)

नमस्कार मंडळी. ऑडिओ आणि घरचं वायरिंग, या दोन्हीतलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळं लिहितो.

घर मानेवाड्याकडे, स्वतंत्र, वायरिंग जुनं. सेट असा: रेकॉर्ड प्लेअर (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज), वेगळा फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा अगदी बारीक सिग्नल वाढवणारा डबा), साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा आवाजही याच ॲम्पमधून येतो. ऐकणं बहुतेक ख्याल, रात्री, हळू आवाजात.

त्रास दोन आहेत. पहिला म्हणजे घुमघुम. घरच्या लाईटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, ती हे छोटे स्पीकर नीट वाजवतच नाहीत, कानावर येते ती तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची. आता गायकाची पट्टी काळी एक असली, तर तानपुऱ्यातली पंचमाची तार येते साधारण १०४ हर्ट्झवर. म्हणजे माझ्या खोलीत तानपुऱ्यासोबत सतत एक उतरलेला पंचम वाजत असतो. आलापीत गायक षड्जावर थांबला की तोच आधी ऐकू येतो. इतर संगीतात कदाचित हे खपून जाईल, इथे नाही खपत.

दुसरा त्रास उन्हाळ्यातला. कूलरचा पंप किंवा पंखा बंद केला की स्पीकरमधून टक् असा जोरात आवाज येतो. कूलरला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. तो मधल्या स्पीडवर असला की घुमघुमीत बारीक चरचरही मिसळते.

बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी पॉवर कंडिशनर (भिंतीतली लाईट गाळून सेटला देणारा डबा) सुचवला. किंमत जवळपास ॲम्पएवढी. त्याने आवाज मोकळा होतो, वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, असं म्हणाले. मला हे पटत नाही. ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असतात ते एसीचं डीसी करायलाच. स्पीकरला जाणारी ताकद त्या डीसीतून येते. तो भाग धड असेल तर भिंतीतल्या लाईटचा पोत गाण्यात उतरायचं कारण नाही. शिवाय बहुतेक कंडिशनरमधला फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा अडवतो. ५० किंवा १०० हर्ट्झला तो हात लावत नाही. साध्या सर्ज प्रोटेक्टरमधला एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा भाग) तर काहीशे व्होल्टच्या वरचा झटका आला तरच जागा होतो. कूलरची टक् त्याला कळणारही नाही, असा माझा समज आहे. चुकत असेल तर जरूर सांगा.

घुमघुमीचा काही उलगडा झालाय. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल उपसली की निम्म्याहून जास्त घुमघुम जाते. म्हणजे ग्राउंड लूप: केबलच्या वेष्टनाचं अर्थिंग बाहेर कुठेतरी वेगळं, घराचं वेगळं. उरलेली फक्त फोनो इनपुटवर आहे. कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात आणि प्रीॲम्प ते शंभरपट करतो, तेव्हा सोबत आलेलं सगळंच वाढणार. प्रीॲम्प ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवला तर थोडा फरक पडतो.

संरक्षणाचा मुद्दा मात्र वेगळा, आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या घरांचे कूलर-एसी चालू झाले की मल्टिमीटरवर १९५ व्होल्ट दिसतात. त्याने गाण्याचं बिघडत नाही. २३० चे १९५ झाले तर ॲम्पची कमाल ताकद पाऊणएक होते, हळू ऐकताना ते जाणवतही नाही. म्हणून रिले असलेला स्टॅबिलायझर मला नकोच, त्याची खटखट रात्री फार खटकते. भीती आहे ती मृगाआधीच्या वादळी विजांची, आणि न्यूट्रल तुटण्याची. मागे शेजारच्या गल्लीत न्यूट्रल तुटला तेव्हा काही घरांतले टीव्ही-फ्रीज एका झटक्यात गेले. न्यूट्रल गेला की एका फेजवर चारशेच्या जवळ व्होल्टेज चढू शकतं आणि ते टिकून राहतं. तिथे एमओव्ही स्वतःच जळतो, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो.

आणि मुळात अर्थिंग. वायरमनने फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून दाखवला. पिवळट, मंद पेटला. तोच दिवा न्यूट्रलवर लख्ख. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्यातला पाइप माती सोडतो. त्याने बादलीभर पाणी ओतलं तर दिवा जरा सुधारला. अशा अर्थिंगवर महागडा सर्ज प्रोटेक्टर लावला तरी झटका जाणार कुठे?

तर विचारायचंय ते हे. काळ्या मातीत केमिकल अर्थिंग टिकतं का, की मीठ-कोळशाचा जुना खड्डाच नव्याने भरून पाणी घालत राहावं? नागपुरात कुणी मीटर लावून रोध मोजून देणारा वायरमन माहीत आहे का (व्यक्तिगत निरोप करा)? मेन बोर्डात टाइप २ एसपीडी (बोर्डात बसणारा सर्ज प्रोटेक्टर) आणि सोबत ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ, असं कुणी बसवलंय का, आणि कटऑफ वारंवार पडतो का? कूलरच्या स्विचला ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओमचा स्नबर (स्विचची ठिणगी शमवणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) लावून टक् थांबलेली कुणी पाहिली आहे? सेट-टॉप बॉक्सच्या केबलला आयसोलेटर (ग्राउंड लूप तोडणारा जोड) लावल्यावर चित्रावर परिणाम होतो का?

ज्यांनी कंडिशनर घेऊन खरोखर फरक ऐकलाय त्यांनीही लिहा, पण आधी कुठला आवाज होता आणि तो गेला का, ते सांगा. फक्त एक विनंती, ॲम्पची अर्थ पिन काढून टाका असा सल्ला नको. घुमघुम जाते, मान्य. पण आत फेज बॉडीला लागला तर घरातलं कुणीतरी त्या धातूच्या डब्याला हात लावणार आहे.

भर: प्रतिसादात विचारलंय म्हणून. कूलर आणि ॲम्प आज एकाच सर्किटवर आहेत. ॲम्पसाठी बोर्डापासून वेगळी वायर ओढायला भिंत फोडावी लागेल, घरच्यांची तयारी आहे. वायर २.५ स्क्वेअर एमएमची पुरेल ना?