पायथन: बाजारभावाच्या फाइलमधून ‘कांदा’ऐवजी नुसता ‘क’ येतोय

प्रश्न
रोजच्या बाजारभावाच्या दोनेकशे टेक्स्ट फाइल आहेत. ओळी अशा:

कांदा: आवक १,२५० क्विंटल, किमान ८००, कमाल २,१००

यातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) करायची आहे. मालाच्या नावासाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू, अधिक’ असा पॅटर्न दिलाय. ‘कांदा’चा ‘क’ येतो, ‘बटाटा’चा ‘बट’. शिवाय काही फाइलींत ‘व्यापाऱ्याचे नाव’ समोर दिसतं, पण सर्चला सापडत नाही.

उत्तर १
पॅटर्न शोधणाऱ्या री मॉड्यूलचं बॅकस्लॅश डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर धरतं. काना, मात्रा, अनुस्वार धरत नाही. काना आला की जुळणी तिथेच तुटते. नावात काय असतं ते सांगत बसू नका, ते कुठे संपतं ते सांगा, म्हणजे कोलनपर्यंतचं सगळं घ्या:

^([^:]+):

आकड्यांना:

कमाल *([०-९,]+)

‘किमान’ला हाच पॅटर्न लावलात तर ‘८००,’ असा शेपटीचा स्वल्पविराम येईल. स्वल्पविराम तसेही काढायचेच आहेत, नाहीतर मजकुराचा पूर्णांक करणारं इंट एरर देतं. देवनागरी अंक मात्र इंटला थेट चालतात. तारखेचं तसं नाही. ०५/०३/२०२४ तारीख वाचणाऱ्या स्ट्रपटाइमला देण्याआधी अक्षरं बदलणारे मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट वापरून अंक इंग्रजी करून घ्या.

उत्तर २
‘व्यापाऱ्याचे’चा घोळ ऱ्यामुळे. कुणी ‘ऱ’ आणि हलन्त टाइप करतं, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दिसायला दोन्ही सारखे. ती ओळ ॲस्की() मधून छापा, प्रत्येक अक्षराचा कोड दिसून फरक उघडा पडेल. एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) इथे पुरत नाही. आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’चं ‘ऱ, हलन्त’ करा, उरलेले झेडडब्ल्यूजे त्यानंतर काढा. उलट क्रमाने केलंत तर ‘व्यापार्याचे’ होऊन बसेल.

उत्तर ३
फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. नाहीतर बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) असलेल्या फाइलीत पहिल्या मालाच्या नावाला अदृश्य अक्षर चिकटतं आणि बेरजेत ‘कांदा’ दोनदा दिसतो. सीएसव्ही लिहितानाही तेच द्या, म्हणजे एक्सेलमध्ये मराठी बिघडणार नाही. न्यूलाइन रिकामी स्ट्रिंग ठेवा. एरर्सला ‘इग्नोर’ कधीच देऊ नका, अक्षरं गुपचूप गळतात. न जुळलेली प्रत्येक ओळ फाइलच्या नावासकट वेगळ्या फाइलीत टाका.

प्रश्नकर्ता
जमलं. न जुळलेल्या अकरा ओळी उरल्या. सगळ्यांत कोलनच्या जागी विसर्ग आहे: ‘कांदाः’.

उत्तर १
मग दोन्ही चालवा: ^([^:ः]+)[:ः]
मालाच्या नावात खरा विसर्ग सहसा नसतो. व्यापाऱ्याच्या नावात असू शकतो, तिथे हा पॅटर्न लावू नका.