आयपीएतलं पाणी २ टक्क्यांखाली का उतरत नाही?

प्रश्न: कागल एमआयडीसीत आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल हे द्रावक) परत मिळवतो. फीडमध्ये, म्हणजे आत सोडलेल्या मिश्रणात पाणी १३ टक्के, त्यातलं पाणी वाफ करून पलीकडे ओढणारी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मेम्ब्रेन, इनलेट ९५ अंश. ०.५ टक्का हवाय, पण २ वरच अडतंय. मेम्ब्रेन बदलू का?

उत्तर: मेम्ब्रेनला इतक्यात हात लावू नका भाऊ. तिच्या पलीकडे व्हॅक्यूम किती मिळतोय? ती वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला कूलिंग टॉवरचं ३० अंशांचं पाणी असेल, तर तिथे पाण्याचाच बाष्पदाब ४२ मिलिबार. पंप कितीही मोठा बसवा, त्याखाली जाणार नाही. ५ अंशांचं चिल्ड वॉटर द्या, ९ मिलिबारपर्यंत वाट मोकळी होते. उणे तापमानाचं ब्राइन (खारं थंड पाणी) मात्र नको, नळ्यांवर बर्फ धरतो.

उत्तर: मला शंका तापमानाची येते. बाष्पीभवनाची उष्णता फीडमधूनच जाते. १ टक्का पाणी निघालं की फीड ७-८ अंश थंड, मग पाणी पलीकडे जायचंही मंदावतं. शेवटच्या मॉड्यूलचं आउटलेट मोजा. ७० दिसलं तर मधे हीटर हवाच. आणि फीडवर २-३ बार दाब ठेवा, नाहीतर ते उकळेल.

प्रश्नकर्ता: आउटलेट ६८, व्हॅक्यूम ४५ मिलिबार!

उत्तर: मग दोन्ही दुरुस्त करा. परमिएटमध्ये (मेम्ब्रेनपार गेलेल्या पाण्यात) आयपीए अचानक वाढलं, तरच गॅस्केट तपासा.